पंप खोलण्याआधी डिझेलची वाट तपासा

महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर किंवा श्रावणात नागद्वारच्या यात्रेला नरखेड तालुक्यातून जी कुटुंबे स्वतःच्या गाडीने निघतात, त्यांतल्या कितीतरी जणांची गाडी नवी नसते. जुनी ट्रॅक्स असते, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर असते, कधी टपाला ताडपत्री बांधलेली ४०७ असते. मागची बाके काढून गाद्या टाकलेल्या, कोपऱ्यात शेगडी-सिलिंडर, पिठाचा डबा, पाण्याच्या कॅन. चार-सहा दिवस तेच घर. राज्य शासनाने कॅराव्हान पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, पण आपल्याकडची ही मुक्कामाची गाडी त्याच्या कितीतरी आधीपासून सातपुड्याचे घाट चढते आहे. अशी गाडी तामियाच्या पुढे रात्री बंद पडली, तर आत झोपलेली लेकरे आणि म्हातारी माणसे थेट रस्त्यावर येतात. म्हणून निघण्याआधी गाडीची डिझेल लाइन स्वतः समजून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

इथे बोलतो आहे ते जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांबद्दल. टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आली तेव्हापासून तिच्यात आणि ट्रॅक्समध्ये वर्षानुवर्षे मर्सिडीज घराण्याचे २.४ लिटरचे ओएम ६१६ इंजिन होते. बजाज टेम्पो हे नाव जाऊन फोर्स मोटर्स झाले २००५ मध्ये, पण ती जुनी इंजिने अजून रस्त्यावर आहेत. पंप आणि नोजल बहुतेक गाड्यांत ‘मायको’चे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले. तिचा नोजल बनवणारा कारखाना आपल्याच नाशकात, आणि जुने मिस्त्री आजही मायकोचा पंप असेच म्हणतात. नव्या, कॉमन रेल गाड्यांना यातले बरेचसे लागू नाही. त्यांच्या लाइनीत हजार बारच्या वर दाब असतो, तिथे घरी पाना लावायचाच नाही.

जुने डिझेल इंजिन चालायला फार थोड्या गोष्टी लागतात: दाबून तापलेली हवा आणि योग्य क्षणी बारीक फवाऱ्याने आलेले डिझेल. म्हणूनच गाडीने ताकद सोडली की पहिला संशय पंपावर जातो. पंप उतरतो, नागपूरला जातो, खोलला जातो, मोठे बिल होते, आणि आठ दिवसांनी तीच तक्रार परत येते. बहुतेक वेळा दोष पंपाच्या अलीकडे असतो. एखादी सैल क्लिप, चिरलेली नळी, टाकीच्या झाकणाचे बुजलेले छिद्र. माझे म्हणणे ठाम आहे: टाकीपासून पंपापर्यंतची वाट निर्दोष आहे हे सिद्ध होईपर्यंत पंपाच्या एकाही बोल्टला हात लावू देऊ नका.

ही वाट डोळ्यांसमोर आणा. टाकीत बुडवलेली नळी, तिच्या टोकाला जाळी. तिथून चेसिसच्या कडेने येणारा लोखंडी पाइप, मध्ये रबरी नळीचे तुकडे. मग फीड पंप, त्याच्या तळाशी किंवा जवळ पाणी साठवणारी वाटी. मग एक किंवा दोन फिल्टर. मग इंजेक्शन पंप, त्यातून निघणारे जाड भिंतीचे लोखंडी पाइप, आणि शेवटी नोजल. नोजलकडून उरलेले डिझेल बारीक रबरी नळ्यांनी परत टाकीत जाते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, त्याच्या पुढे ते ढकलले जाते. सगळे निदान या एका फरकावर उभे आहे. ढकलणाऱ्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येते, नळी ओली दिसते आणि दोष कुणालाही सापडतो. ओढणाऱ्या बाजूला चीर असेल तर बाहेर एक थेंब दिसत नाही, आत हवा जाते. चिरलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी ओढताना तोंडात हवाच येते, तसे. म्हणून ‘सगळीकडे कोरडे आहे, म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. काही जुन्या गाड्यांत तर वेगळा फीड पंप नसतोच. गोल, रोटरी प्रकारचा इंजेक्शन पंपच टाकीपासून डिझेल ओढतो. तिथे फिल्टरसुद्धा ओढणाऱ्या बाजूला येतो आणि फिल्टरची एक सैल रिंग गाडी बंद पाडायला पुरते.

गाडी काय सांगते आहे

रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी खूप सेल्फ मारल्यावर, थोडी चालून बंद पडून, परत मारल्यावर चालू होते. हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, दहा-वीस वेळा डिझेल चढवले की लगेच चालू होते. ही हवेची खूण. रात्रभरात हवा आत शिरली आणि लाइनीतले डिझेल टाकीकडे परत उतरले. याच तक्रारीवर लोक बॅटरी बदलतात, हीटर प्लग बदलतात. हीटर प्लगचा दोष वेगळा ओळखू येतो: तिथे सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. सायलेन्सरमधून धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचतच नाही.

सपाटीवर ठीक, चढावर मान टाकते, गिअर खाली घेतला की जरा सावरते: फिल्टर, जाळी किंवा नळी बुजत आली आहे. सपाटीवर इंजिनाला थोडे डिझेल पुरते, मुलताईच्या चढाला लागले की मागणी वाढते आणि अरुंद झालेली वाट तेवढे देऊ शकत नाही. अर्धा तास चालून बंद, दहा मिनिटे थांबले की परत चालू, परत अर्ध्या तासाने बंद: टाकीचे झाकण उघडा. ‘सुस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडला आहे. डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. झाकणाचे किंवा ब्रीदर नळीचे छिद्र मातीने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजले की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल येईनासे होते. वर्षातून आठ-नऊ महिने गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हटकून तपासावे.

आणखी एक खूण फारशी कुणी सांगत नाही. टाकी भरलेली असताना गाडी उत्तम, अर्ध्याखाली आली की एअर घेते, विशेषतः चढावर किंवा वळणावर. अशा वेळी टाकीतल्या उभ्या नळीला गंजून भोक पडलेले असते. डिझेल भोकाच्या वर आहे तोवर सगळे ठीक, खाली गेले की नळी हवा ओढते. यात्रेच्या वाटेवर यावर तात्पुरता उपाय म्हणजे टाकी अर्ध्याखाली येऊच न देणे. घरी आल्यावर मात्र नळी बदलायची.

धुराचा रंगही वाचावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर झटकून पाहा, धुळीच्या रस्त्याने तो लवकर भरतो, आणि मगच नोजलकडे बघा. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा वास म्हणजे डिझेल नीट जळत नाही: नोजल फवारा मारण्याऐवजी थेंब टाकते आहे, पंपाचे टायमिंग मागे आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. निळा धूर इंजिन ऑइलचा, त्याचा डिझेल लाइनीशी संबंध नाही.

डब्याची तपासणी

सगळ्या तपासण्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पाच लिटरचा स्वच्छ, कोरडा प्लास्टिकचा डबा, दीड-दोन मीटर डिझेलची रबरी नळी आणि दोन क्लिपा घ्या. डब्यात पंपावरून आणलेले ताजे डिझेल भरा. फीड पंपाकडे टाकीतून येणारी नळी काढून तिचे तोंड बोल्ट घालून बंद करा, आणि त्या जागी डब्याची नळी घट्ट बसवा. डबा इंजिनापेक्षा थोडा उंच, गरम सायलेन्सरपासून दूर, पडणार नाही असा बांधा. एअर काढा आणि गाडी उभ्या जागी वीस-पंचवीस मिनिटे चालवा, मधून मधून रेस द्या. मग बंद करून रात्रभर तशीच ठेवा.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, रेसला नीट उत्तर देऊ लागली, तर पंप निर्दोष आहे, नोजल निर्दोष आहेत, फिल्टरही बहुधा ठीक आहे. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात. आता डब्याची नळी एकेक जोड मागे सरकवत न्या. चेसिसवरच्या लोखंडी पाइपाच्या पुढच्या टोकाला, मग मागच्या टोकाला, आणि ज्या टप्प्याला तक्रार परत येते तिथे बोट ठेवा.

डब्यावरही तक्रार तशीच राहिली तर फिल्टर नवे घाला आणि फीड पंप तपासा: त्याची पुढची नळी बाटलीत सोडून सेल्फ मारला की डिझेल जोरकस पिचकाऱ्यांनी यायला हवे. नुसते ओघळले तर फीड पंपाचे व्हॉल्व किंवा स्प्रिंग गेली. त्याचे किट स्वस्त मिळते आणि गावातला मिस्त्रीही ते बसवतो. तपासणीसाठीसुद्धा फिल्टर वगळून थेट इंजेक्शन पंपात डिझेल सोडू नये. पंपाच्या आतल्या प्लंजर आणि बॅरलमधले अंतर मिलिमीटरच्या काही हजारांश इतके असते, डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे कायमचा ओरखडा पाडतो.

फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी बसवली तर हवा डोळ्यांनी दिसते. गाडी चालू असताना त्यातून बुडबुड्यांची माळ जात असेल तर आणखी पुरावा नको. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती फक्त लाइनीत अडकलेली हवा. ही नळी तपासणीपुरतीच ठेवा, इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होऊन तडकते.

हवा कुठून येते

सापडण्याच्या क्रमाने सांगतो. सर्वांत आधी रबरी नळ्यांची टोके, जिथे क्लिपेखाली रबर सुकून चिरलेले असते. वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या की पूर्ण नळी बदला, टोक कापून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. मग हँड प्रायमर. त्याची आतली सील झिजली की दांडा घट्ट बसवूनही हवा ओढतो, आणि हा दोष मिस्त्रींच्याही नजरेतून सुटतो. दांड्याभोवती डिझेल लावून गाडी चालू करा. डिझेल आत खेचले गेले तर प्रायमर बदला. मग फिल्टरची रबरी रिंग, जुनीच परत बसवलेली किंवा पिळली गेलेली. मग बॅन्जो बोल्टांखालचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टांखालचे, तांब्याचे वायसर. हे वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात. प्रत्येक वेळी नवे घालावेत. वाटेत नवे नसतील तर जुने लालसर तापवून थंड करावेत, तांबे पुन्हा मऊ होते. हे काम मात्र गाडीपासून लांब करायचे.

डिझेलच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय सोडा. तिचे धागे सुटून पंपापर्यंत जातात. गळक्या टाकीला कपड्याचा साबण घासण्याचा ड्रायव्हर लोकांचा उपाय मात्र खरोखर चालतो, कारण साबण डिझेलमध्ये सहज विरघळत नाही. पण तो गावी पोहोचण्यापुरता.

रोटरी पंप असेल तर एक बारकावा. त्याच्या डिझेल आत येण्याच्या आणि परत जाण्याच्या तोंडांवरचे दोन बोल्ट दिसायला सारखे असतात, पण परतीच्या बोल्टाला आत बारीक छिद्र असते आणि त्यावर सहसा ‘आउट’ असे कोरलेले असते. हे दोन बोल्ट अदलाबदल झाले तर गाडी ताकद सोडते, आणि मग पंप खराब ठरवला जातो. काम करताना बोल्ट वेगवेगळ्या वाटीत ठेवा. याच पंपावर विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी चालू करताना त्याचा ‘टक्’ आवाज आला नाही तर नोजलपर्यंत डिझेल जाणारच नाही, दोष एका सुटलेल्या तारेचा असू शकतो.

जुनी सील गळण्याचे आणखी एक कारण आहे. बीएस-६ डिझेल देशभर १ एप्रिल २०२० पासून आले. त्यात गंधकाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम, त्याआधी ५० होती. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षे फुगून बसलेली रबरी सील त्यामुळे आकसते आणि गळू लागते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हाही जुन्या गाड्यांचे पंप असेच गळू लागले होते. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचा पंप अलीकडे अचानक ओला दिसत असेल तर सील किट बदलून काम भागते, नवा पंप लागत नाही.

पाणी, कचरा आणि घरचा ड्रम

आपल्या भागात सगळ्यांत जास्त घाण येते ती शेतावरच्या ड्रममधून. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, ओलिताचे डिझेल इंजिन यांसाठी डिझेल घरी साठवलेले असते, आणि यात्रेला निघताना तेच गाडीत ओतले जाते. ड्रम अर्धा रिकामा असेल तर दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या थंडीत त्याच्या आत दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा काळपट चिकट गाळ होतो, आणि असा गाळ एकदा टाकीत गेला की तो नवे फिल्टरसुद्धा काही दिवसांत बुजवतो.

संत्र्याच्या बागायतदारांना विशेष सांगणे आहे. डिंक्यासाठी बोर्डो पेस्ट करताना ज्या ड्रममध्ये किंवा बादलीत मोरचूद कालवले, ते भांडे कितीही धुतले तरी डिझेलला वापरू नका. मोरचुदातल्या तांब्याच्या संसर्गाने डिझेल लवकर खराब होते, त्यात डिंकासारखा थर धरतो. तसेच जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची भांडी आणि टाक्या टाळा. डिझेलमधली आम्ले जस्ताशी मिसळून साबणासारखा पदार्थ तयार करतात आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. साधा लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचा डिझेलसाठीच राखलेला ड्रम, सावलीत, थोडा कलता ठेवलेला, आणि तळाचे चार बोटे डिझेल कधीही न उपसलेले, एवढी शिस्त पुरेशी आहे. ड्रम हलवला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातून डिझेल काढू नका.

गाडीच्या टाकीतले पाणी काढायला रात्रभर गाडी सपाट जागी उभी ठेवा आणि पहाटे, ती हलवण्याआधी, टाकीचा तळाचा बोल्ट सैल करून पहिला अर्धा-एक लिटर काचेच्या बरणीत घ्या. तासाभराने बरणीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. काळे तुकडे किंवा चिकट गाळ आला तर टाकी उतरवून धुण्याशिवाय मार्ग नाही, फिल्टर बदलत बसून पैसे वाया जातील. गंजलेल्या टाकीत खडे टाकून हलवून धुणारे कारागीर असतात. धुतल्यावर ती पूर्ण वाळवून, आतून डिझेलने खळबळून मगच बसवायची.

वर्धा आणि जाम नद्यांच्या काठच्या गावांना पुराची वेगळी भीती सांगायला नको. मोवाडने ३० जुलै १९९१ चा महापूर सोसला आहे. पुराच्या पाण्यात गाडी चाकांच्या वर बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून पाहू नका. ब्रीदरमधून टाकीत आणि एअर फिल्टरमधून इंजिनात पाणी गेलेले असू शकते. आधी टाकी रिकामी, फिल्टर नवे, ऑइल बदललेले, आणि नोजल काढून इंजिन हाताने फिरवून आतले पाणी बाहेर, त्यानंतर सेल्फ.

आता थंडीबद्दल, कारण पचमढीला जाणाऱ्यांना हे आडवे येते. डिझेल गार झाले की त्यातले मेण गोठू लागते आणि फिल्टर बुजतो. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे फिल्टर बुजण्याच्या तापमानाची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलला ६ अंश सेल्सिअस आहे, उरलेल्या महिन्यांच्या डिझेलला १८ अंश. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेले डिझेल टाकीत तसेच ठेवून डिसेंबर-जानेवारीत पचमढीला मुक्काम केला, तर पहाटे गाडी बंद पडायला पुरेसे कारण आहे. तिथल्या रात्री आपल्याकडच्यापेक्षा खूप गार असतात. उपाय सोपा: निघताना टाकी ताज्या, हिवाळ्यात आलेल्या डिझेलने भरा. तरीही अडकलात तर गरम पाण्यात भिजवलेले फडके फिल्टरला गुंडाळा, ऊन चढण्याची वाट पाहा. टाकीखाली कागद किंवा काटक्या पेटवणे कुणी सुचवले तर ऐकू नका.

एअर काढणे

फिल्टर बदलला किंवा नळी उघडली की हे करावेच लागते, आणि घरातल्या दोन माणसांना तरी ते यायला हवे. गाडी सपाट, टाकी निदान पाव भरलेली. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करा, हँड प्रायमर हळू आणि पूर्ण दाबा. आधी फेस, मग बुडबुडे, मग एकसंध डिझेल येईल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा, प्रायमर थांबवून नंतर नव्हे, नाही तर तेवढ्यात हवा परत शिरते. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसाच. यानंतर बहुतेक गाड्या चालू होतात. नाही झाली तर नोजलकडचे जाड पाइपांचे नट अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारा, एकेका नटातून डिझेल डोकावले की तो आवळा. सेल्फ एका वेळी पंधरा सेकंदांहून जास्त नको, मध्ये मिनिटभर विसावा द्या.

याच नटांनी कोणता सिलिंडर काम करत नाही हेही कळते. गाडी मंद चालू ठेवून एकेक नट किंचित सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता, त्याचे नोजल काढून तपासायला द्या.

इथे हात जपा. नोजल साधारण १०० ते २५० बार दाबाला उघडते. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते, वरून फक्त टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. पण आत गेलेल्या डिझेलने बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. धार लागल्याचा संशय आला तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि डिझेल आत गेल्याचे स्पष्ट सांगा. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. जाड कपड्याने नट झाकूनच सैल करा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

डिझेल सहज पेटत नाही असा समज आहे. मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा सांडलेल्या डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते. मुक्कामाच्या गाडीत गॅसची शेगडी आहे, हे विसरू नका. लाइनीचे काम चालू असताना सिलिंडर उतरवून दूर ठेवा. नोजलवरच्या परतीच्या बारीक नळ्या आणि शेवटच्या नोजलवरची बंद टोपी वर्ष-दोन वर्षांनी बदला. त्या सुकून गळतात तेव्हा डिझेल तापलेल्या इंजिनावरच पडते.

पंपाआधीचे सगळे निर्दोष ठरले आणि दोष उरला, तर आता पंप-नोजलच्या कारागिराकडे जायची वेळ खरोखर आली आहे. नोजल तुमच्यासमोर टेस्टिंग मशीनवर लावायला सांगा: फवारा चारही बाजूंनी सारखा आणि धुक्यासारखा हवा, दाब धरल्यावर टोकाला थेंब जमता कामा नये. फक्त दोषी नोजल बदलले तरी उघडण्याचा दाब सगळ्यांचा सारखा लावून घ्या. पंप उतरवण्याआधी त्याच्या आणि इंजिनाच्या जोडावर टायमिंगची खूण आहे का पाहा, नसेल तर छिन्नीने बारीक रेघ मारा. सगळी उघडी तोंडे लगेच प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, चिंध्या कोंबू नका. काम झाल्यावर जुने सुटे भाग परत मागा.

या सगळ्यात एक तपासणी दर आठवड्याला करण्यासारखी आहे: ऑइलची पट्टी. तेलाची पातळी न भरता वाढत असेल, पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा किंवा पंपाची सील फुटून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आहे. अशी गाडी चालवत राहिल्यास बेअरिंग जातात, आणि डिझेल लाइनीचा शंभर-दोनशेचा दोष पूर्ण इंजिनावर येतो.

दुरुस्तीनंतर लगेच यात्रेला निघू नका. नरखेडहून जलालखेड्याला जाऊन या, गार झाल्यावर प्रत्येक क्लिप आणि नट पुन्हा बघा, दुसऱ्या सकाळी एका सेल्फमध्ये गाडी चालू होते का ते पाहा. बरोबर दोन फिल्टर, त्यांच्या रिंगा, दोन मापांचे तांब्याचे वायसर, मीटरभर डिझेलची नळी, क्लिपा, तोच पाच लिटरचा डबा आणि जाड पाइपांच्या नटाला बसणारा पाना घ्या. तो नट बहुतेक गाड्यांत १७ नंबरचा असतो, पण घरी लावून खात्री करून ठेवा.